कन्हानच्या घाटावर राहिलेलं रिव्हॉल्वर

पहिलेच सांगून ठेवतो. भूत, चकवा, अंगात येणं, उतारा... यातलं काहीएक मी मानत नाही. तेव्हा मानत नव्हतो, आणि आता ऐंशी ओलांडली तरी मानत नाही. आमच्या हिनं जन्मभर शनिवार पाळले, मी मुद्दाम शनिवारीच दाढी केली. काही झालं नाही. शिक्षण म्हणाल तर चौथी, तीही अर्धी. पण डोकं माझं स्वतःचं आहे.

या सदरात लोक आपले अनुभव लिहितात ते मी वाचतो. बऱ्याच वेळा वाटतं, अरे बाबा, मांजर असेल, वारा असेल, तू घाबरला असशील. माझं वाचून कोणाला तसं वाटलं तर खुशाल वाटू द्या. मी स्वतःला इतकी वर्षं तेच समजावून सांगतो आहे, आणि खरं सांगू का, आता थकलो. एकदाचं कागदावर उतरलं म्हणजे माझ्या मागचं गेलं.

आणीबाणी उठली त्याच्या पुढचा उन्हाळा. मी तेव्हा हिंगण्याच्या एका कंपनीची बस चालवायचो — नागपुरातून शिफ्टवाल्यांना न्यायचं, शिफ्टवाल्यांना आणायचं. माझी धाकटी बहीण कमला खाप्याला दिलेली. सासरा विणकर. सारं गाव त्यांना आबाजी म्हणायचं. घरात माग, त्याच मागावर लुगडी आणि दुपट्टे विणून त्यांनी पोराला शिकवलं आणि पोरगा फौजदार झाला. हा आमचा जावई, नामदेवराव. पोस्टिंग नागपुरातच. बिऱ्हाडही नागपुरात. आबाजी आणि म्हातारी मात्र खाप्याचा माग सोडून कुठंच गेले नाहीत.

त्या उन्हाळ्यात आबाजी गेले. बसल्या जागी, मागावरच. नामदेवराव बंदोबस्तावर कुठंतरी बाहेर होते, निरोप वेळेवर पोचला नाही. ते खाप्याला आले तोवर चिता विझत आली होती. अग्नी चुलत्यानं दिलेला, श्यामकाकांनी. एकुलता एक पोरगा असून. यावर नामदेवराव कोणाशी काही बोलले नाहीत. दोन दिवस राहिले आणि परत ड्युटीवर गेले.

दहाव्याच्या दिवशीसुद्धा तेच. रात्रभर मोर्चाचा बंदोबस्त, सकाळी तिथूनच मोटरसायकलीला किक मारून थेट कन्हान नदीच्या घाटावर. अंगावर वर्दी, कमरेला पट्टा, पट्ट्यात रिव्हॉल्वर. मी विचारलं, "हे जमा नाही केलं काय?"

"ठाण्यात जमा कराले गेलो असतो तं साहेबानं तिथंच बसवून घेतलं असतं, दादा. संध्याकाळच्या हजेरीले जातो अन् जमा करतो."

आता आमच्याकडे पिंडाजवळ चामडं नेत नाहीत. चपला लांब काढायच्या, पट्टा लांब ठेवायचा. नामदेवरावांनी वर्दी काढून पिशवीत भरली. पट्टा, त्याची चामड्याची केस आणि आतलं रिव्हॉल्वर, हे सगळं एका दुपट्ट्यात गुंडाळलं आणि वर चढावर उंबराचं झाड होतं त्याच्या मुळ्यांत ठेवलं. दुपट्टा आबाजींनी विणलेला, पांढरा, लाल काठाचा. घरात दुसरा कपडा कोणता असणार! हे गाठोडं झाडाखाली ठेवताना मी माझ्या डोळ्यानं पाहिलं. हे लक्षात ठेवा.

न्हाव्यानं डोई केली. अंघोळ झाली. पिंड ठेवला. आणि कावळा शिवेना.

कावळे होते. नव्हते असं नाही. समोरच्या बाभळीवर बसून खाली पाहत होते. श्यामकाकांनी हात जोडले, "आबाजी, माग बंद नाही पडू देत. घ्या आता." कावळा हलला नाही. "कमलीच्या पोरीचं लग्न आम्ही पाहू." नाही. "वहिनीले कोणी एक शब्द बोलणार नाही." नाही. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "बुढ्याले बिडी पाहिजे असन गा." मग पिंडाजवळ बिडी ठेवली. एक कावळा खाली आला, बिडीकडे मान वाकडी करून पाहिलं आणि परत वर जाऊन बसला. दहाव्यालासुद्धा लोकांना हसू आलं.

"नामदेव, तू बोल ना," काका म्हणाले. "तू पोरगा होय त्याहीचा."

नामदेवराव ओल्या धोतरानं उभे. पाण्याकडे पाहतच म्हणाले, "काय बोलू, काका? मले उशीर होऊन राहिला."

ऊन चढलं, म्हाताऱ्या माणसांना चक्कर यायला लागली. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिवला आणि म्हणाले, "चला. आता कोणी मागं वळून पाहायचं नाही."

ही आमची रीत. घाटावरून निघालं की मागं पाहायचं नाही. सगळे खाली मान घालून निघाले. नामदेवराव कर्ते, सगळ्यांत पुढं. वर्दीची पिशवी कोणीतरी त्यांच्या हातात दिली. उंबर मागं राहिला.

घरी आलो. पानं वाढली. नामदेवराव म्हणाले, पहिले कपडे करतो, जेवलो की निघतो, आणि आत गेले. मी ओसरीत हात धुऊन बसलो होतो. आतून आवाज आला, "दादा, जरा आत या."

गेलो. माणूस वर्दी घालून उभा, डोक्यावर केस नाही, आणि दोन्ही हात कमरेवर. चेहरा पिठासारखा.

"पट्टा राहिला घाटावर," म्हणाले.

पोलिसातल्या माणसाचं सरकारी रिव्हॉल्वर हरवणं म्हणजे काय, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्यांनी तिथल्या तिथं सांगितलं. आजच्या आज सस्पेंड. मग चौकशी. ते कोणाच्या हाती लागून कुठं चाललं तर नोकरी तर गेलीच, आतमध्ये जायची पाळी. आणि जमा न करता परगावी नेलं, हा गुन्हा आधीच झालेला. कमला दारात उभी होती, कडेवर लहानी. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. तिनं पोरगी खाली ठेवली आणि भिंत धरली.

नामदेवराव बाहेर धावले, तर दारात श्यामकाका आडवे.

"कर्त्यानं आज घाटावर परत पाय ठेवाचा नाही."

"काका, नोकरी चालली माही!"

"गेली तं गेली. घर तं राहीन."

"अन् घर काय तुमच्या मंत्रावर चालते?"

दोघांचा आवाज चढला. तेवढ्यात म्हातारी माय उठली आणि उंबऱ्यावर जाऊन बसली.  नुसती बसली. आईला ओलांडून कसं जाणार? नामदेवराव तिथंच थांबले. एवढा मोठा फौजदार, पण लहान पोरासारखा तिच्यापुढं उभा राहिला.

मी म्हटलं, "मी जातो. मी तुमच्या भाऊकीतला नाही, अन् मले कोणतं भूत लागत नाही."

"हे हिंगण्याचे कंपनीवाले," काका म्हणाले. "याहीले काहीच नाही लागत."

"लागते ना काका, भूक लागते. माहं ताट झाकून ठेवा."

मायनं पाय बाजूला घेतले. मी निघालो.

घाट घरापासून काही फार लांब नाही, पण त्या उन्हात रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. चालताना मी स्वतःलाच शिव्या देत होतो. गाठोडं ठेवताना आपण पाहिलं होतं, मग निघताना आपल्या तरी ध्यानात काहून आलं नाही? मागं वळून पाहायचं नाही हे गुरुजी म्हणाले, आणि मी, जो काहीच मानत नाही, मीसुद्धा चार लोकांबरोबर खाली मान घालून चाललो होतो.

उंबराखाली पोचलो. मुळ्यांत काही नाही. पाचोळा हातानं उकरला. झाडाच्या मागं पाहिलं, चढावर पाहिलं, न्हावी बसला होता तिथं पाहिलं. केस पडलेले होते, बाकी काही नाही. खाली उतरून पिंडापर्यंत गेलो. पिंड तसाच, बिडी तशीच. मग काठाकाठानं फिरलो.  कमलाचं काय होणार, एवढंच डोक्यात.

कन्हानच्या वाळूत तिकडले लोक उन्हाळ्यात टरबुजाच्या वाड्या लावतात. अशाच एका वाडीत तुराट्यांच्या मांडवाखाली एक बाई राखणीला बसली होती. ती उभी राहून ओरडली, "ए भाऊ! काय पाहून राहिला रे तिकडं? टरबूज पाहिजे तं पैसे दे, लपत काहून येतं?"

"टरबूज नाही पाहिजे वं बाई. आमचं गाठोडं राहिलं इथं. सकाळचे आम्ही दहाव्याचे लोकं."

"माहीत आहे मले. बिडी ठेवली ना बुढ्याले? मी इथून पाहत होती."

"मग आम्ही गेल्यावर कोण आलं होतं इथं?"

"कोणी नाही आलं."

"नीट सांग."

"अरे, वाडी राखाले बसली मी. कुत्रं आलं तरी मले दिसते. कोणी नाही आलं म्हणजे नाही आलं." मग हात लांब करून म्हणाली, "अन् ते काय तुह्या समोर पडलं? आंधळा होय का तू?"

मी वळलो. पिंडाच्या अगदी बाजूला, दगडावर, गाठोडं. पांढरं, लाल काठाचं.

मी तिथून आताच आलो होतो. त्या दगडाला माझा पाय लागला होता. तिला विचारलं, "हे इथं कधीपासून आहे?"

"मी टरबुजं राखू का तुमचे गाठोडे राखू?"

तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी गाठोडं उचललं. जड होतं, आत चामड्याची केस हाताला लागली. जिवात जीव आला. काखेत मारलं आणि चढाला लागलो. मागं पंखांचा आवाज झाला. सकाळी मागं पाहिलं नव्हतं त्याचा राग होताच, म्हणून मुद्दाम वळून पाहिलं. बाभळीवरचा कावळा खाली उतरून पिंडात चोच घालत होता.

यात काही नाही. गर्दी होती म्हणून आला नाही, गर्दी गेली आणि आला. कावळ्यालाही पोट असतं. हे मी त्या दिवशीही म्हणालो, आजही म्हणतो. गाठोडं मला पहिल्या फेरीत दिसलं नाही, तेही मी एक वेळ ऊन लागलं म्हणून सोडून देईन. पण पुढचं...

घरी सगळे ओसरीत बसलेले. जेवलं कोणी नव्हतं. नामदेवरावांनी गाठोडं माझ्या हातातून ओढूनच घेतलं. पट्टा काढला, केस उघडली, रिव्हॉल्वर हातात घेतलं, गोळ्यांचं ते मधलं चाक बाहेर काढलं. आणि खाली बसले.

"काय झालं?"

"गोळ्या नाहीत."

"नसतीलच भरल्या."

"दादा, रातभर बंदोबस्त होता. भरून होतं. मी हात नाही लावला." त्यांनी केस उलटी करून झटकली. "एक-एक गोळीचा हिशोब द्या लागते. हे सापडून काय उपयोग?"

काका बोलायला लागले, पाहिलं, म्हणून मी सांगत होतो... तेवढ्यात कमलानं दुपट्टा उचलला घडी करायला आणि म्हणाली, "याच्या टोकाले काहीतरी आहे."

दुपट्ट्याचं एक टोक गोळा करून, कडेला सुट्या सुतांच्या ज्या दशा लोंबत होत्या त्याच दशांनी आवळून बांधलं होतं. वरून हात लावला तर आत गोळ्या. गाठ ज्वारीच्या दाण्याएवढी. नामदेवरावांनी नखानं पाहिलं, सुटेना. मी दातानं पाहिलं. बसच्या टपावर सामान बांधताना मी काय कमी गाठी सोडल्या आहेत? पण धरायलाच जागा नव्हती. काका म्हणाले, कापा.

"कापू नका," माय उंबऱ्यावरून म्हणाली. "इकडं द्या."

तिनं टोक हातात घेतलं. पाहिलंसुद्धा नाही नीट, डोळे अधू होतेच. अंगठा आणि बोट यांच्यात गाठ धरून एक बाजू मागं ढकलली. गाठ सुटली. गोळ्या तिच्या ओटीत पडल्या. सगळ्या.

 माय त्या मोकळ्या दशा चिमटीत धरून बसली होती.

"याहीची गाठ होय," ती म्हणाली. "मागावर सूत तुटलं का अशीच माराचे. मीच सोडत होती पहिले, चुकली तं."

मग नामदेवरावांकडे पाहून म्हणाली, "तू घरी आला का त्याहीचा पहिला शब्द काय राहे, आठवते ना? नामा, गोळ्या काढ, मंग पाणी पी. भरलेली बंदूक घेऊन घरात येशीन तं जेवाले नाही देणार."

नामदेवराव गुडघ्यात डोकं घालून रडले. दहा दिवसांत पहिल्यांदा. बाप मेल्याचं त्या माणसाला तेव्हा समजलं असं मला वाटतं. माय त्यांच्या तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवत राहिली. कमलानं पानं पुन्हा वाढली.

संध्याकाळच्या हजेरीला ते ठाण्यात पोचले. रिव्हॉल्वर जमा, गोळ्या जमा. कोणाला कळलं नाही. पुढे बढत्या मिळाल्या, बदल्या झाल्या, रिटायर झाले. पोरींची लग्नं झाली. पण या गोष्टीवर आम्ही दोघं पुन्हा कधी बोललो नाही. सणावाराला भेटलो, एकाच ताटात जेवलो, पण नाही. श्यामकाका गावभर सांगत फिरले आणि दर वेळेला त्यात भर घालत गेले. मी कोणाजवळ हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

माझ्या मनाशी मी एक उलगडा लावून घेतला होता. तो असा, की हे नामदेवरावांनीच केलं. विणकराचा पोरगा, गाठ लहानपणी पाहिलेली असणार, बोटांना येत असणार. रात्रभराचं जागरण, बाप गेल्याचं मनात. सवयीनं गोळ्या काढल्या, बांधल्या आणि विसरला. गाठोडंही कधीतरी उचलून पिंडाजवळ ठेवलं असेल. मन असं करतं, कंपनीच्या डॉक्टरानंसुद्धा मला सांगितलं होतं. या उलगड्यावर मी चाळीसेक वर्षं काढली. चांगला चालत होता.

काही वर्षांमागं नामदेवराव आजारी पडले. धरमपेठेतल्या एका दवाखान्यात होते. उठवत नव्हतं. मी भेटायला गेलो. दुपारची वेळ, कमला खाली औषध आणायला गेलेली. ते माझ्याकडे पाहत होते.

"दादा, एक विचारू? रागावू नका."

"विचारा ना."

"त्या दिवशी गोळ्या तुम्हीच काढल्या होत्या ना?"

मला समजलंच नाही आधी.

"घाटावरून येताना," ते म्हणाले. "मायले बरं वाटावं म्हणून. अन् माहं मन मोकळं व्हावं म्हणून. ड्रायव्हर माणूस, तुम्हाले गाठी येतात. मी सारी नोकरी हेच धरून चाललो. म्हटलं, दादानं एवढं केलं आपल्यासाठी, अन् तोंडानं कधी बोलला नाही."

"मले ते चाक उघडतासुद्धा येत नाही, जवाईबापू."

"खरं?"

"मी खोटं कधी बोललो काय तुमच्याशी? मले वाटत होतं तुम्हीच काढल्या."

"मी नाही दादा. आबाजीची शपथ, मी हातसुद्धा नाही लावला. अन् ती गाठ मले कधीच नाही आली. मागावर बसूच देत नव्हते मले. म्हणत, तू पुस्तक घे."

वर पंखा फिरत होता. बाजूच्या पलंगावरचा माणूस खोकला, त्याच्या बायकोनं त्याला पाणी पाजलं. मी हो म्हटलं असतं तर बरं झालं असतं का, असा एक विचार माझ्या मनात येऊन गेला. मरणाच्या दारातला माणूस, त्याला त्याचा उलगडा राहू द्यायला हवा होता. पण मी जे केलं नाही ते केलं म्हणणार नाही. माझा स्वभाव नाही तो.

नामदेवरावांनी मान भिंतीकडे वळवली. मला वाटलं रडतात. रडत नव्हते.

"मग बरं झालं," ते म्हणाले. "मले वाटत होतं, बुढा रागातच गेला."

त्या आठवड्यात ते गेले. त्यांचा उलगडा त्या दुपारी माझ्यामुळे मोडला आणि माझा त्यांच्यामुळे. ते तर सुटले. मी इकडे बसलो आहे. अजूनही मी काहीएक मानत नाही. पण त्या गोळ्या कोणी काढल्या, हे मला कोणी विचारलं तर आता माझ्याजवळ सांगायला नाव उरलेलं नाही.